पाच, पूर्ण

प्रिय सुलू,

आज माझा वाढदिवस. सव्वीस पूर्ण झाली. तू एकविसावरच थांबलीस, त्यामुळे आता मी तुझ्याहून चांगली पाच वर्षांनी मोठी आहे आणि तुला रागवायचा हक्क मला आपोआप मिळालाय. तो मी वापरणार आहे, जरा थांब.

आधी हे पत्र का लिहितेय ते सांगते. तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज सगळी कामं बाजूला सारून भर दुपारी वही घेऊन बसले, म्हणजे काहीतरी घडलंय हे तू ओळखलं असशीलच. काल मी दिगूशी खोटं बोलले. पहिल्यांदा नाही. पण उद्या तो मस्कतला चाललाय, तीन वर्षांच्या कराराने, आणि जाताना तुझं मरण स्वतःच्या डोक्यावर घेऊन चाललाय. ते ओझं माझं आहे गं. आज संध्याकाळपर्यंत मी तोंड उघडलं नाही तर ते कायमचं त्याचं होऊन बसेल.

आठवतंय ना तुला सगळं? की तिकडे गेल्यावर विसरायला होतं? मला आठवतं तसं सांगत जाते, चुकलं तर टोक.

आपण पाच जण. मुलुंडच्या कॉलनीमागच्या डोंगरात दर रविवारी पक्षी बघत हिंडणारे पाच वेडे. आपल्या वयाची पोरं रविवारी टीव्हीसमोर बसायची आणि आपण पहाटे कॅनव्हासचे बूट घालून निघायचो. तुझी आई, आमच्या काकी, म्हणायच्या, "आमच्या कोकणात पाखरां घरात येतत, तेंका बघूक डोंगर कित्याक चढूक होयो?" दिगू आपला म्होरक्या, भांडुपच्या कारखान्यात फिटर, आपल्याहून दोन वर्षांनी मोठा आणि वागायला वीस वर्षांनी. प्रकाशला आपण घेतलं ते त्याच्या मामाच्या दुर्बिणीसाठी, हे त्यालाही माहीत होतं. मेधा वही लिहायची. मी नकला करायचे. तांबटाची टुक टुक, पावशाचा गळा, आणि पक्षी मिळाले नाहीत की तुम्हा चौघांच्या. आणि तू? तू फक्त हट्ट करायचीस. एखादा पक्षी दिसला नाही म्हणून खाली उतरायला तयार न होणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

दिगूचे नियम तर काय सांगू! एकामागे एक चालायचं, दोघांत पंधरा पावलांचं अंतर, बोलायचं नाही, आणि मागे वळून बघायचं नाही. वळलं की पाचोळा वाजतो आणि पाचोळा वाजला की पक्षी उडतात. मग मागचा माणूस आहे की नाही हे कळणार कसं? त्यासाठी मोजणी. प्रत्येक मोठ्या वळणावर दिगू पुढून म्हणणार, "एक." मग प्रकाश दोन, मेधा तीन, मी चार. आणि शेपटाला तू. "पाच, पूर्ण." ते पूर्ण तू असं लांबवायचीस की पुढे दिगूला हसू यायचं. शेवटचा नंबर तू भांडून घेतला होतास, कारण सगळे पुढे निघून गेल्यावर पक्षी परत बाहेर येतात आणि ते फक्त तुला दिसतात, असं तुझं म्हणणं होतं.

आणि दुसरा नियम आपण सगळ्यांनी मिळून केलेला. वाढदिवसाचा पक्षी! ज्याचा वाढदिवस असेल त्याला त्या दिवशी असा पक्षी दाखवायचा की जो त्याने आयुष्यात पाहिलेला नाही. मेधा तो वहीत लाल शाईने लिहायची. तुला हळद्या मिळाला होता. दिगूला धनेश. प्रकाशला घुबड मिळालं आणि आपण वर्षभर त्याला घुबड म्हणून हाक मारली.

चौऱ्याऐंशी सालचा माझा वाढदिवस रविवारीच आला. संक्रांत नुकतीच झालेली, हवेत गारवा, डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं. तुला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. काकी सोडत नव्हत्या तरी तू आलीस. वरच्या मोठ्या उंबराखाली आपण डबे उघडले. प्रकाशने पिशवीतून आणलेला मावा केक चेपून त्याची भाकरी झालेली. मेणबत्ती लावायला गेलो तर दिगू ओरडला, "ए, काडी ओढायची नाही, गवत पेटलं तर वाट लागेल!" मग मी न पेटवलेल्या मेणबत्तीवर फुंकर मारली आणि तुम्ही पक्षी उडू नयेत म्हणून दोन-दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या आईचे घावणे होते, नारळाचा रस होता. मी सगळ्यांच्या नकला केल्या. तुझी केली तेव्हा सर्दीसकट केली. तू मला केकचा तुकडा फेकून मारलास आणि म्हणालीस, "मेली, माझ्यासारखीच बोलते! माझ्या आईला पण कळणार नाही."

सुलू, तसा वाढदिवस मला परत मिळाला नाही. तेवढी खूश मी त्याआधीही नव्हते आणि नंतर तर प्रश्नच नाही.

फक्त पक्षी मिळाला नव्हता. बारा वाजून गेले आणि जो दिसेल तो माझा पाहिलेलाच. सातभाई, कोतवाल, टकाचोर. मला त्याचं काही नव्हतं. तुलाच चैन पडेना. उतरायला लागलो आणि पहिलं मोठं वळण यायच्या आधीच, जुन्या बंद दगडखाणीकडे पायवाट फुटते तिथे, तू धावत येऊन मागून माझी वेणी ओढलीस.

"माधी, खाणीकडे काहीतरी पांढरं गेलं. लांब फीत असल्यासारखी शेपटी. स्वर्गीय नर्तक गं! तुझा पक्षी!"

"दिगू सोडणार नाही. खाणीकडे जायचं नाही म्हणून सांगितलंय त्याने."

"म्हणून तर तुला सांगतेय. मी बघून येते, असला तर तुम्हाला बोलावते. दहा मिनिटं. तोवर माझा नंबर तू दे."

"वेडी आहेस का?"

"दे ना यार! कॉलेजात देतेसच की."

खरंच देत होते. तू टायपिंगच्या क्लासला पळायचीस आणि मागच्या बाकावरून मी तुझी हजेरी लावायचे. दोन वर्षांत एकदाही पकडली गेले नव्हते. तू वळलीस, कारवीच्या काटक्या बाजूला केल्यास आणि गेलीस. मी हसत होते. दहा मिनिटं म्हणाली होतीस. आता रागवायचा हक्क वापरते. तुला काय गरज होती गं? मला पक्षी नको होता. मी मागितला होता का?

पुढच्या वळणावर दिगू म्हणाला, "एक." दोन, तीन. मी म्हटलं, "चार." मग मान जरा मागे वळवली, तोंडावर हात धरला आणि नाकातून, बसलेल्या आवाजात म्हटलं, "पाच, पूऽर्ण."

कोणाला कळलं नाही. मेधा पंधरा पावलं पुढे होती, तिलाही नाही.

त्यापुढच्या वळणापर्यंत तू यायला हवी होतीस. आली नव्हतीस. मला वाटलं, बसली असेल झाडाखाली मान वर करून, हिला वेळेचं भान कुठे असतं. मी पुन्हा तुझा नंबर दिला. आणि खरं सांगू? मला मजा आली. इतकी हुबेहूब नक्कल माझी मलाच आवडली. आजपर्यंत ही गोष्ट मी स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती.

तिसऱ्या वेळी मात्र घाबरले होते. पण आता सांगावं तर दिगू फाडून खाणार. तो चिडला की चारचौघांत बोलायचा आणि वाढदिवसाच्या दिवशी मला ते नको होतं. तेवढ्यासाठी! तेवढ्यासाठी मी तिसऱ्यांदा "पाच, पूर्ण" म्हटलं. आणि पुढून दिगूने विचारलं, "सुलू, तुझ्या बाटलीत पाणी आहे का गं?"

मी तुझ्या आवाजात म्हटलं, "संपलं रे."

तेव्हा दोन वाजले होते. नंतर कळलं, तू दीडच्या आधीच गेली होतीस, तुझं घड्याळ तेव्हाच बंद पडलं होतं. खाणीच्या काठाचा मुरूम सुटा होता, खाली पाणी होतं, आणि तू वर बघत चालत असणार. म्हणजे दिगूने पाणी मागितलं तेव्हा तू नव्हतीसच. तू नसताना मी तुझ्या तोंडून बोलले. ते वाक्य कितीदा परत गिळावंसं वाटलं असेल मला, काय सांगू.

आता यापुढचं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि तुला सांगताना विचारल्यासारखंच आहे, कारण उत्तर फक्त तुझ्याकडे आहे.

शेवटचं वळण. खालची पाण्याची टाकी दिसायला लागली होती. मी ठरवलं होतं की आता गप्प बसायचं. दिगू विचारेल, मी सांगेन, आपण सगळे परत वर जाऊ. दिगू म्हणाला, "एक." दोन. तीन. मी "चार" म्हटलं आणि ओठ मिटून घेतले.

मागून आवाज आला. "पाच, पूऽर्ण."

तुझा. अगदी माझ्या पाठीशी, पंधरा पावलांवर. माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. आली बाई एकदाची! वळून तुला चार शिव्या घालाव्यात असं वाटलं, पण नियम म्हणजे नियम. मी नाही वळले. हसत हसत खाली आले. टाकीपाशी सगळे थांबले, मी वळले, आणि वाट रिकामी होती. वळणापर्यंतचं सगळं दिसत होतं. वाळलेलं गवत, धूळ. कोणी नाही.

एक गोष्ट माझ्या ध्यानात घरी गेल्यावर आली. त्या शेवटच्या हाकेत सर्दी नव्हती. आवाज स्वच्छ होता, तुझा नेहमीचा.

टाकीपाशी मेधा म्हणाली, "आत्ता तर बोलली, असेल मागे." दहा मिनिटं वाट बघितली. मग हाका. मग दिगू आणि प्रकाश धावत वर गेले आणि त्या शेवटच्या वळणाच्या आसपासच शोधत राहिले, कारण तू तिथपर्यंत आली होतीस ना! चौघांनी ऐकलं होतं. ऊन कलल्यावर कॉलनीतली माणसं आली तेव्हा मी कशीबशी म्हटलं, "खाणीकडे बघा." का, असं मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तू सापडलीस ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

आणि मग सगळ्यांनी दिगूला धरलं. बरोबरच होतं त्यांचं. मुलगी दीडच्या आधी गेली, वर खाणीत. आणि हा म्हणतो, तीनच्या सुमाराला टाकीजवळ पाच मोजले? म्हणजे याने मोजलेच नाहीत. मोजले असं खोटं सांगतोय. मेधा आणि प्रकाशला मोठ्यांनी विचारलं तेव्हा ते रडत म्हणाले, "नीट आठवत नाही." मला विचारलं. मी पण म्हटलं, "आठवत नाही." एका वाक्यात माझी सुटका झाली आणि दिगू अडकला.

पाच वर्षं, सुलू! कॉलनीत अजून त्याची ओळख करून देतात ती अशी की, हाच तो, ज्याच्याबरोबर गेलेली मुलगी परत आली नाही. काकी त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. त्या मनातून त्याला जावई म्हणून बघत होत्या, ठाऊक होतं का तुला? त्याला होतं. त्याने लग्न केलं नाही, डोंगर सोडला, दुर्बिणीला हात लावला नाही.

आणि मला? मला काकी दर वाढदिवसाला बोलावतात. तुझ्या तिथीला रडून घेतात आणि माझ्या वाढदिवसाला घावणे करतात. "आज तुझो वाढदिवस ना गो? बस, खाऊन जा. सुलू असती तर तिनाच तुका ओढून आणल्यान असता." मी खाते. समोर तुझा फोटो, त्याला चंदनाचा हार. एका वर्षी त्यांनी विचारलं, "शेवटाक काय बोललां गो माझां चेडू?"  मी म्हटलं, "हसत होती, काकी." तर त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्या दिग्यान माझ्या चेडवाक मोजल्यान नाय."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना मी? नाही बोलले. दुसरा घावणा वाढून घेतला.

नकला माझ्या गेल्या, हे तुला सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर एकही नाही. तांबटाची टुक टुकसुद्धा नाही, जी चार वर्षांचं पोर करेल. मेधाच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला, उभी राहिले, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. लोकांना वाटलं लाजतेय. मी? आणि लाजते?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगू? शाळेची सहल होती, माझ्या वर्गातली बेचाळीस मुलं. बसमध्ये चढायच्या आधी रांगेत उभी करून मी म्हटलं, नंबर म्हणा. म्हणत गेली. बेचाळीस झाले. मी वहीत खूण करायला मान खाली घातली आणि रांगेच्या शेवटाकडून आणखी एक आवाज आला, "त्रेचाळीस, पूर्ण." मुलांनी माझ्याकडे हसून बघितलं, जणू मीच काही गंमत केली. पूर्ण म्हणायचं मी त्यांना कधीच शिकवलं नव्हतं. मी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. बेचाळीसच. तेव्हापासून मी मुलांना तोंडी मोजत नाही, हात लावूनच मोजते, आणि बाकीच्या बाई म्हणतात की मी फार काळजी घेते.

आता कालचं.

दिगूने आठवड्यापूर्वी निरोप पाठवला. जायच्या आधी एकदा वर जाऊन येऊ या, चौघं. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. मेधा डोंबिवलीहून बाळाला सासूकडे ठेवून आली. प्रकाश दुर्बीण घेऊन आला, तीच. दिगूचे कानशिलावरचे केस पिकलेत गं. अठ्ठाविसाव्या वर्षी! आम्ही उंबराखाली बसलो, दिगूने तुझ्या नावाने फुलं ठेवली, कोणी फार बोललं नाही. उतरताना मात्र न ठरवता सगळे आपापल्या जागी गेले. पंधरा पावलं. कोणी मागे बघितलं नाही. मी शेवटी. माझ्यामागे कोणी नव्हतं.

खाणीच्या वाटेजवळून गेलो. मी पायाकडे बघत चालले. पुढच्या वळणावर दिगू थांबला. मला त्याची पाठ दिसत होती. पाठ न वळवता तो म्हणाला, "एक."

"दोन," प्रकाश.

"तीन," मेधा. 

"चार," मी म्हटलं. पूर्ण हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

आणि मागून, पंधरा पावलांवरून, "पाच, पूऽर्ण."

भर दुपार होती, सुलू. ऊन होतं. दूरवर कारखान्याचा भोंगा वाजत होता. पाचोळ्यावर पाय पडल्याचा एकही आवाज नाही, नुसती हाक.  मानेवर वारा लागल्यासारखं झालं. मी वळले नाही. तू रागावू नकोस, पण मला वळायचा धीर झाला नाही.

या वेळीही सगळ्यांनी ऐकलं होतं. मेधा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "माधी, काय हे! असली मस्करी करतात का? आजच्या दिवशी?" प्रकाश म्हणाला, "झाली का हौस? बंद कर ना आता." त्यांना वाटलं, मी नक्कल केली. मी! जिच्या घशातून पाच वर्षांत चिमणी निघाली नाही.

दिगू मात्र चिडला नाही. तो हळूहळू परत वर आला, माझ्यासमोर उभा राहिला. 

"तिचा आवाज तुला अजून येतो," तो म्हणाला.

मी वेणी पुढे ओढून घेतली.

"माधी, त्या दिवशी चार वेळा मोजलं मी. पहिल्या तीन वेळा तिच्या आवाजात सर्दी होती. शेवटच्या वेळी नव्हती. मला तेव्हाच खटकलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण मोजलंच नाही म्हणतात तिथे सर्दीचं कोण ऐकणार?" मग त्याने आवाज खाली आणला. "त्या दिवशी पण तूच होतीस का गं?"

बघ, किती सोपं करून दिलं होतं त्याने. हो म्हणायचं होतं. एक अक्षर. रागावलासुद्धा नव्हता तो, नुसता विचारत होता, आणि डोळ्यांत एवढी आशा! मी हो म्हटलं असतं तर त्याला स्वतःचे कान परत मिळाले असते.

मी म्हटलं, "नाही."

 त्याने मान हलवली. "बरं. मग मोजलंच नसेन मी. लोक म्हणतात तेच खरं असेल. मलाच भास झाला असेल पाच जणांचा." आणि उतरायला लागला. त्याची पाठ बघत मी टाकीपर्यंत आले. एकदाही मोजणी झाली नाही. खाली त्याने सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही.

रात्रभर झोप नाही. तू काल का बोललीस, याचा विचार करकरून मी डोकं फोडून घेतलं. मला घाबरवायला? ती तुझी रीत नव्हती. तू कधी कोणाला घाबरवलं नाहीस, नुसतं सतावलंस. मग पहाटे कुठेतरी लक्षात आलं की तू माझ्याशी बोलतच नव्हतीस. दिगू मोजत होता आणि तू त्याला उत्तर दिलंस. त्या दिवशीही तसंच. मी गप्प बसले होते, त्याची मोजणी अपुरी राहिली असती, म्हणून हाक तू दिलीस. तू त्याचा हिशेब बरोबर करत होतीस आणि मी तोच मोडत आले.

असंच आहे ना? नसेल तर दुसरं काय असेल ते मला कळू देऊ नकोस.

तर आता ऐक, काय करणार आहे ते. हे लिहून झालं की तोंड धुऊन दिगूकडे जाणार. तो बॅग भरत असेल. त्याला सगळं सांगणार, पायवाटेपासून. तीन हाका माझ्या आणि "संपलं रे" पण माझं. शेवटची माझी नव्हती आणि कालचीही नव्हती, हेसुद्धा सांगणार. विश्वास ठेवेल न ठेवेल. मला वाटतं, ठेवेल. सर्दीचं त्याला माहीत आहे.

मग त्याला घेऊन काकींकडे. तो येणार नाही म्हणेल, ओढून नेईन. आणि तिथे, सुलू, मी अजून एकदा खोटं बोलणार आहे. शेवटचं. काकींना मी सांगणार, चारही हाका माझ्या. तुझी हाक मी माझ्या नावावर घेते. कारण त्यांना जर कळलं की त्यांचं चेडू त्या वळणावर अजून उत्तर देतं, तर त्या रोज तिथे जाऊन बसतील गं. ऊन नाही बघणार, पाऊस नाही बघणार. नंबर म्हणत बसतील. एवढं मला करू दे. चालेल ना तुला?

काकी मला काय करतील ते करोत. हाकलून देतील, तोंडात मारतील, जन्मात परत नाव घेणार नाहीत. सगळं रास्त आहे. शाळेत कळेल, घरी कळेल. आई तर हाय खाईल. होऊ दे.

एकच भीती वाटते आणि ती तुलाच सांगते. सगळं सांगून टाकल्यावर तुला उत्तर द्यायचं कारणच उरणार नाही. मग तू बोलणार नाहीस. पाच वर्षं मला तुझ्या आवाजाची धडकी भरली. आणि आता तो कायमचा बंद होईल म्हणून रडू येतंय. बघ कशी आहे मी! तुझं खरं मरण मी पाच वर्षं अडवून धरलं होतं की काय, कोण जाणे.

तरी जाते. तुला वचन देते. उद्या दिगू विमानाच्या पायऱ्या चढेल तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असेल की त्याने मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं. चूक माझी होती. आणि हे तुझी आई स्वतःच्या तोंडाने त्याला सांगेल, मग त्यासाठी मला तिच्या दारात रात्रभर बसावं लागलं तरी बसेन.

साडेचार झाले. निघते.

तुझीच,
माधी